आग्नेस पोकेल्स

आग्नेस लुईजे विल्हेल्मिने पोकेल्स (१४ फेब्रुवारी १८६२, व्हेनिस – २१ नोव्हेंबर १९३५, ब्राउनश्वाइग) या जर्मन संशोधिका होत्या. द्रवाचा पृष्ठताण आणि पाण्याच्या पृष्ठावर पसरणारे अतिसूक्ष्म थर यांचे विश्वासार्ह मोजमाप करण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. त्यांनी तयार केलेले सरकपट्टीचे पात्र हे आजच्या पृष्ठरसायनशास्त्रातील एका मूलभूत उपकरणाचे पूर्वरूप मानले जाते. विद्यापीठीय शिक्षण, प्रयोगशाळा किंवा संशोधनवेतन यांपैकी काहीही त्यांना लाभले नव्हते. त्यांचे बहुतेक प्रयोग राहत्या घरी, घरकाम आणि आजारी आईवडिलांची शुश्रूषा सांभाळून झाले.

पाण्याच्या पृष्ठावरील नगण्य वाटणारा मळ त्या पृष्ठाचे गुणधर्म आणि त्यावरील प्रवाह पूर्णपणे बदलू शकतो, हे पोकेल्स यांच्या संशोधनाचे सार होते. वाळत्या थेंबातील प्रवाहाचा उपयोग करून सूक्ष्म कणांची मांडणी करण्याच्या विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आलेल्या संशोधनातही हाच मुद्दा निर्णायक ठरला.

प्रारंभिक जीवन

आग्नेस पोकेल्स यांचा जन्म व्हेनिस येथे झाला. हे शहर त्या वेळी ऑस्ट्रियन साम्राज्यात मोडत होते. त्यांचे वडील थिओडोर पोकेल्स ऑस्ट्रियन सैन्यात अधिकारी होते, तर आईचे नाव अल्विने असे होते. धाकटे भाऊ फ्रीडरिश यांचा जन्म १८६५ मध्ये विचेंझा येथे झाला. उत्तर इटलीत त्या काळी हिवतापाचा प्रादुर्भाव मोठा होता. या आजाराने कुटुंबाचे स्वास्थ्य कायमचे बिघडले. प्रकृतीच्या कारणावरून वडिलांना लवकर निवृत्ती घ्यावी लागली आणि १८७१ मध्ये कुटुंब जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे स्थायिक झाले. आग्नेस यांचे पुढील सर्व आयुष्य याच शहरात गेले.

शिक्षण आणि कौटुंबिक परिस्थिती

आग्नेस यांनी ब्राउनश्वाइग येथील नगरपालिकेच्या मुलींच्या उच्च शाळेत शिक्षण घेतले. तेथेच त्यांना निसर्गविज्ञानाची, विशेषतः भौतिकशास्त्राची गोडी लागली. मात्र जर्मन विद्यापीठांत त्या काळी स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळत नसे. बाडेन राज्याने तो १९०० मध्ये आणि प्रशियाने १९०८ मध्ये खुला केला, तोवर आग्नेस यांची विद्यार्थिदशा केव्हाच मागे पडली होती. स्त्रीशिक्षणाची वाट त्या पिढीत जगभर बिकट होती. आग्नेस यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान असलेल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांना वैद्यकीय पदवी मिळविण्यासाठी अमेरिकेला जावे लागले आणि १८८६ मध्ये ती त्यांनी मिळविली. आग्नेस यांना घर सोडून जाण्याची मोकळीकही नव्हती. आईवडील दीर्घकाळ आजारी असल्यामुळे अविवाहित मुलगी या नात्याने त्यांची शुश्रूषा आणि घराची सर्व व्यवस्था आग्नेस यांच्याकडे आली.

विज्ञानाचा अभ्यास त्यांनी स्वतःच पुस्तकांच्या आधारे चालू ठेवला. फ्रीडरिश यांनी भौतिकशास्त्राच्या अभ्यासासाठी ग्योटिंगेन येथे प्रवेश घेतल्यानंतर त्यांच्यामार्फत आग्नेस यांना पाठ्यपुस्तके आणि शास्त्रीय नियतकालिके मिळू लागली. फ्रीडरिश पुढे नामांकित भौतिकशास्त्रज्ञ झाले. विद्युत्क्षेत्रामुळे काही स्फटिकांच्या प्रकाशीय गुणधर्मांत होणारा बदल आज त्यांच्या नावाने पोकेल्स परिणाम म्हणून ओळखला जातो. विद्यापीठाचे दार भावासाठी उघडे आणि बहिणीसाठी बंद होते. ज्ञानाचा काही अंश मात्र भावाच्या पुस्तकांतून आणि पत्रांतून बहिणीपर्यंत पोहोचत राहिला.

सरकपट्टीचे पात्र

वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे १८८० नंतर, आग्नेस यांनी पाण्याच्या पृष्ठाचे पद्धतशीर निरीक्षण सुरू केले. भांडी धुण्याच्या तेलकट पाण्याकडे पाहून त्यांना हा विषय सुचला, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात परंपरेने सांगितले जाते. १८८२ च्या सुमारास त्यांनी आपले मुख्य उपकरण तयार केले.

हे उपकरण म्हणजे सुमारे ७० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर उंच असे पत्र्याचे आयताकृती पात्र होते. ते काठोकाठ पाण्याने भरून त्यावर सुमारे दीड सेंटिमीटर रुंदीची पत्र्याची पट्टी आडवी ठेवली जाई. पट्टीची खालची बाजू पाण्याला टेकलेली असल्यामुळे पाण्याच्या पृष्ठाचे दोन भाग पडत. पट्टी डावीकडे किंवा उजवीकडे सरकवली की एका भागाचे क्षेत्रफळ वाढे आणि दुसऱ्याचे कमी होई. पट्टी किती सरकली, हे पात्राच्या कडेला धरलेल्या मोजपट्टीवर वाचता येई.

पृष्ठताण मोजण्यासाठी त्यांनी ६ मिलिमीटर व्यासाची लहान चकती तराजूच्या दांडीला टांगली. पाण्याला टेकलेली चकती पृष्ठापासून सुटण्यासाठी किती वजन लागते, यावरून त्या ठिकाणचा पृष्ठताण ठरविता येत असे. पात्र, पट्टी, चकती आणि तराजू या चार साध्या वस्तूंतून त्यांनी क्षेत्रफळ व पृष्ठताण यांचा परस्परसंबंध मोजण्याची सोय केली.

त्याच पट्टीने पृष्ठ स्वच्छही करता येत असे. पट्टी पात्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढली की पृष्ठावरील स्निग्धांश पुढे लोटला जाई आणि मागे ताजे पृष्ठ उघडे पडे. पृष्ठताणाच्या पूर्वीच्या अनेक मोजमापांत विसंगती येत असे, कारण पृष्ठ खरोखर स्वच्छ आहे की नाही, हे तपासण्याचे साधन अभ्यासकांजवळ नव्हते. हाताचा स्पर्श, हवेतील धूळ किंवा भांड्याला चिकटलेला तेलाचा अंश यांपैकी काहीही निष्कर्ष बदलू शके. पोकेल्स यांनी या मळाला केवळ प्रयोगातील अडथळा न मानता त्यालाच मोजमापाचा विषय केले.

पृष्ठाच्या दोन अवस्था

पोकेल्स यांना असे आढळले की, पाण्याचे पृष्ठ दोन स्पष्टपणे भिन्न अवस्थांत असू शकते. पृष्ठावर मळाचे प्रमाण फार कमी असताना क्षेत्रफळ कमी-जास्त केले तरी पृष्ठताण जवळजवळ स्थिर राहतो. ही सामान्य अवस्था होय. पट्टी सरकवून तोच मळ लहान क्षेत्रात दाटवत नेला, तर एका ठरावीक मर्यादेनंतर पृष्ठताण एकाएकी उतरू लागतो आणि त्यानंतर तो क्षेत्रफळावर अवलंबून राहतो. या दुसऱ्या अवस्थेला त्यांनी असामान्य अवस्था मानले.

या मर्यादेचा अर्थ पुढे रेणूंच्या भाषेत लावण्यात आला. पृष्ठावरील रेणू विरळ असताना एकमेकांपासून दूर असतात. पट्टीने त्यांना दाटीवाटीने उभे केले की त्यांचा एकच रेणू जाडीचा सलग थर तयार होतो आणि तेथून पृष्ठताण घटू लागतो. अनेक मेदाम्लांच्या बाबतीत या टप्प्यावर प्रत्येक रेणूच्या वाट्याला सुमारे ०.२ चौरस नॅनोमीटर जागा येते. या टप्प्याला पोकेल्स बिंदू असे नाव मिळाले आहे. रेणूंचे अस्तित्वच अनेक शास्त्रज्ञांना वादग्रस्त वाटत होते, अशा काळात पत्र्याच्या पात्रातून रेणूच्या आकाराचा अंदाज घेण्याचा मार्ग मोकळा झाला.

पृष्ठप्रवाह

पृष्ठाच्या दोन भागांचा पृष्ठताण भिन्न असेल, तर कमी ताणाच्या भागाकडून जास्त ताणाच्या भागाकडे द्रव ओढला जातो. पोकेल्स यांच्या पात्रात पट्टी उचलताच मळलेल्या बाजूचे पृष्ठ स्वच्छ बाजूकडे वेगाने पसरत असे. विरघळणारे घन पदार्थ पाण्याच्या पृष्ठाला टेकले असता उद्भवणाऱ्या प्रवाहांचीही त्यांनी नोंद घेतली. देवघरातील कापराचा लहान कण स्वच्छ पाण्यावर टाकला असता तो आपोआप भिरभिरू लागतो, तेही याच कारणाने. पाण्याला तेलाचे बोट लागले की कापराची हालचाल थांबते.

पृष्ठताणातील फरकामुळे होणाऱ्या अशा प्रवाहाला आज मारांगोनी प्रवाह म्हणतात. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ कार्लो मारांगोनी यांनी १८६५ मध्ये पाविया विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात एका द्रवाच्या पृष्ठावर दुसऱ्या द्रवाचा थेंब कसा पसरतो, याचा अभ्यास केला होता. त्याआधी, १८५५ मध्ये, जेम्स थॉमसन यांनी मद्याच्या पेल्याच्या आतील बाजूस जमणाऱ्या ओघळांचे कारण याच तत्त्वाने सांगितले होते. या प्रवाहांमागे असलेल्या पृष्ठताणाच्या फरकाचे मोजमाप करण्याचे साधन पोकेल्स यांच्या पात्राने उपलब्ध करून दिले.

लॉर्ड रॅले यांना पत्र

सुमारे दहा वर्षे पोकेल्स यांचे निष्कर्ष अप्रकाशित राहिले. विद्यापीठाशी संबंध नसलेल्या, पदवी नसलेल्या तरुणीचे काम छापून येण्याचा मार्ग सोपा नव्हता. १८९० मध्ये इंग्लंडमधील भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी पाण्यावरील तेलाच्या थरांविषयी प्रयोग प्रसिद्ध केले. त्याचा वृत्तान्त वाचल्यावर, आपण याच प्रश्नावर काम केले असून काही बाबतींत पुढे गेलो आहोत, हे पोकेल्स यांच्या लक्षात आले. १० जानेवारी १८९१ रोजी त्यांनी रॅले यांना जर्मन भाषेत सविस्तर पत्र लिहून आपले उपकरण, पद्धत आणि निष्कर्ष कळविले.

अनोळखी आणि कोणतीही पदवी नसलेल्या व्यक्तीकडून आलेल्या या पत्राचे महत्त्व रॅले यांनी ओळखले. त्यांच्या पत्नीने पत्राचा इंग्रजी अनुवाद केला आणि रॅले यांनी तो शिफारशीसह नेचर या नियतकालिकाकडे पाठविला. १२ मार्च १८९१ च्या अंकात पोकेल्स यांचा हा पहिला लेख पृष्ठताण या शीर्षकाखाली प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्यांचे वय २९ वर्षांचे होते.

रॅले यांनी स्वतःही पोकेल्स यांच्या पद्धतीने प्रयोग केले. १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात, पृष्ठताण जेथे उतरू लागतो तेथे तेलाचा थर एकाच रेणूच्या जाडीचा असावा, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

नंतरचे संशोधन

पहिल्या लेखानंतर पोकेल्स यांचे आणखी लेख १८९२, १८९३ आणि १८९४ मध्ये नेचरमध्ये आले आणि त्यानंतर जर्मन नियतकालिकांतही त्यांचे संशोधन प्रसिद्ध होऊ लागले. समान प्रमाणात घेतलेले निरनिराळे पदार्थ पाण्याचे पृष्ठ किती मलिन करतात, तेल पाण्यावर कसे पसरते आणि दोन द्रवांच्या सीमेवरील ताण किती असतो, असे त्यांचे विषय होते.

याच काळात त्यांनी उपयोगात आणलेली एक युक्ती पुढे सर्वत्र रूढ झाली. मोजून घेतलेला पदार्थ बेंझीनसारख्या उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवून त्याचा थेंब पाण्यावर सोडायचा. थेंब पसरतो, द्रव उडून जातो आणि ठरावीक प्रमाणातील पदार्थ पाण्यावर पातळ थराच्या रूपाने मागे राहतो. एरवी हाताळता येणार नाही इतका सूक्ष्म अंश अचूकपणे मांडण्याचा हा मार्ग होता. बाष्पीभवन होणाऱ्या थेंबाच्या साहाय्याने पदार्थाचा थर मांडण्याची ही पद्धत पृष्ठथरांच्या प्रयोगशाळांत आजही वापरली जाते.

१९०२ मध्ये पोकेल्स यांनी जॉर्ज डार्विन यांच्या भरती-ओहोटीवरील ग्रंथाचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध केला. १९१४ मध्ये त्यांनी घन पृष्ठावरील द्रवाचा स्पर्शकोन आणि द्रवाचे पसरणे यांविषयी लेख लिहिला. घन पृष्ठावर ठेवलेला थेंब किती पसरतो आणि त्याची कड कोणत्या कोनात टेकते, हा प्रश्न थेंब वाळण्याच्या अभ्यासातही पायाभूत आहे.

उत्तरायुष्य आणि सन्मान

विसाव्या शतकाच्या आरंभापासून पोकेल्स यांचा संशोधनासाठीचा वेळ कमी होत गेला. आईवडिलांची शुश्रूषा अधिकाधिक अवघड होत होती आणि त्यांची स्वतःची प्रकृतीही नाजूक होती. वडिलांचे १९०६ मध्ये निधन झाले. १९१३ मध्ये हायडेलबर्ग येथे फ्रीडरिश यांचा मृत्यू झाला. त्यांच्या जाण्याने बहिणीचा भाऊ तर गेलाच, शिवाय विज्ञानजगताशी असलेला तिचा मुख्य दुवाही तुटला. पुढच्याच वर्षी आईचे निधन झाले आणि पहिले महायुद्ध सुरू झाले. युद्धकाळात आणि त्यानंतरच्या हलाखीत नवे शास्त्रीय साहित्य मिळणे कठीण झाले. त्यानंतर त्यांचे लेख क्वचितच प्रसिद्ध झाले.

याच काळात त्यांनी घातलेल्या पायावर इतरत्र मोठे काम उभे राहिले. अमेरिकेतील आयर्व्हिंग लँगम्युअर यांनी पात्रात सुधारणा करून पृष्ठथराचा दाब थेट मोजण्याची सोय केली आणि १९१७ मध्ये आपले विवेचन प्रसिद्ध केले. कॅथरीन ब्लॉजेट यांच्या सहकार्याने त्यांनी असे थर पाण्यावरून उचलून काचेवर एकावर एक चढविण्याचे तंत्र विकसित केले. पृष्ठरसायनशास्त्रातील शोधांसाठी लँगम्युअर यांना १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. उपकरण पुढे प्रामुख्याने लँगम्युअर पात्र या नावानेच ओळखले गेले. काही अभ्यासक मात्र त्याचा उल्लेख पोकेल्स पात्र असा करतात.

पोकेल्स यांच्या कार्याची औपचारिक दखल उतारवयात घेतली गेली. १९३१ मध्ये त्यांना फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी दव्हो यांच्यासमवेत जर्मनीतील कलिल संस्थेचा लॉरा लिओनार्ड पुरस्कार देण्यात आला. १९३२ मध्ये, सत्तराव्या वाढदिवसाच्या वर्षी, ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट प्रदान केली. त्याच वर्षी कलिलशास्त्रज्ञ व्होल्फगांग ओस्टवाल्ड यांनी त्यांच्या कार्याचा गौरव करणारा लेख लिहिला. २१ नोव्हेंबर १९३५ रोजी ब्राउनश्वाइग येथे त्यांचे निधन झाले.

वाळत्या थेंबातील प्रवाह आणि कणांची मांडणी

बशीत सांडलेला चहा किंवा कॉफीचा थेंब वाळला की मध्यभागी फिकट आणि कडेला गडद असे वर्तुळ उरते. या नेहमीच्या अनुभवाचे स्पष्टीकरण १९९७ मध्ये शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी नेचरमध्ये मांडले. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून राहते आणि तेथील द्रव सर्वाधिक वेगाने उडून जातो. ही तूट भरून काढण्यासाठी मध्यातील द्रव कडेकडे वाहतो आणि आपल्याबरोबर सूक्ष्म कण नेऊन तेथे साठवितो. म्हणजेच थेंबातील प्रवाह स्वतःच कणांची मांडणी करतो आणि तो प्रवाह हवा तसा वळविता आला, तर मांडणीही हवी तशी मिळविता येते.

या प्रवाहाला तोलणारी शक्ती पृष्ठताणात असते. बाष्पीभवनामुळे थेंबाचे निरनिराळे भाग कमी-अधिक थंड होतात. काचेवरील पातळ थेंबाचा माथा सामान्यतः कडेपेक्षा थंड असतो, म्हणून तेथील पृष्ठताण जास्त असतो. त्यामुळे पृष्ठालगतचा द्रव कडेकडून माथ्याकडे ओढला जातो, मध्यभागी खाली उतरतो आणि कणांनाही मध्याकडे आणतो. ऑक्टेनसारख्या द्रवाच्या थेंबात हा मारांगोनी प्रवाह प्रबळ असतो आणि कडेचे वर्तुळ टाळता येते, असे २००६ मध्ये दाखविण्यात आले. पाण्याच्या थेंबात मात्र तो अपेक्षेपेक्षा फारच क्षीण आढळतो.

यामागे पोकेल्स यांनी अभ्यासलेला मळच असल्याचे मानले जाते. प्रवाह पृष्ठावरील स्निग्ध रेणूंना माथ्याकडे लोटत जातो. तेथे ते दाटतात, माथ्याचा पृष्ठताण घटवितात आणि प्रवाहाला रोखतात. पात्रात पत्र्याची पट्टी जे काम करीत असे, तेच येथे प्रवाह करतो. पाणी डोळ्यांना कितीही स्वच्छ दिसले, तरी मळाचा नगण्य अंश हा प्रवाह थांबविण्यास पुरेसा ठरतो.

हे ज्ञान अनेक तंत्रांत उपयोगी पडते. शाईच्या सूक्ष्म फवाऱ्याने होणारी छपाई, काचेवर डीएनएचे ठिपके उमटविणे आणि विद्युत्वाहक कणांच्या रेषा काढणे यांमध्ये थेंब एकसारखा वाळणे आवश्यक असते. त्यासाठी निरनिराळ्या वेगाने उडणारे दोन द्रव मिसळतात, पृष्ठसक्रिय द्रव्य घालतात किंवा कणांचा आकार बदलतात. लांबट कण पृष्ठावरच एकमेकांत अडकून कडेचे वर्तुळ होऊ देत नाहीत, असे २०११ मध्ये दिसून आले. सोन्याचे नॅनोकण असलेल्या थेंबात बाष्पीभवनाच्या वेळी कण पृष्ठावर अडकून एकाच कणाच्या जाडीचा सुबक थर तयार होतो, हेही सिद्ध झाले आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील औद्योगिक पट्ट्यात ज्यांचे उत्पादन होत आले आहे, त्या रंग व रंजकद्रव्यांच्या वापरातही वाळता थर सपाट बसावा की त्यावर वळ्या उठाव्यात, हे बऱ्याच अंशी पृष्ठताणातील फरकांवर ठरते.

नॅनोकणांची मांडणी करण्याच्या दुसऱ्या एका प्रचलित पद्धतीत पोकेल्स यांची दोन्ही साधने एकत्र येतात. कण मिसळलेल्या उडनशील द्रवाचे थेंब पाण्यावर सोडतात, द्रव उडून गेल्यावर सरकत्या पट्टीने कण हळूहळू जवळ आणतात आणि तयार झालेला थर काचेवर उचलून घेतात.

वारसा

पोकेल्स यांच्या निधनानंतर अनेक वर्षे त्यांचे नाव विशेषज्ञांपुरतेच मर्यादित राहिले. १९७१ मध्ये गाइल्स आणि फॉरेस्टर या ब्रिटिश संशोधकांनी पृष्ठथर मोजणाऱ्या तराजूच्या उगमाचा इतिहास प्रसिद्ध केला आणि त्यांच्या कार्याकडे पुन्हा लक्ष वेधले. ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठात शालेय विद्यार्थ्यांसाठी चालविली जाणारी प्रयोगशाळा आज आग्नेस पोकेल्स यांच्या नावाने ओळखली जाते. ज्यांना स्वतःला कोणत्याही विद्यापीठात विद्यार्थिनी म्हणून प्रवेश मिळाला नाही, त्यांच्या नावाच्या या प्रयोगशाळेत मुले-मुली रसायनशास्त्राचे पहिले प्रयोग करतात.